खाऱ्या पाण्याचा अपवर्तनांक

फ्लॉपीवर बुरशी होती, पांढरी, जाळीदार,
आंब्याच्या पेटीतल्या ओल्या गवतावर येते तशी.
समुद्रापासून दोनशे पावलांवर
तीस वर्षं काही ठेवायचं
म्हणजे हवेला ते खायला घालणं.
मी तरी तांदळाच्या डब्यात ठेवली होती.
स्पिरिटचा बोळा, कडेपासून आत,
पापणी पुसावी इतक्या जपून.
पुण्याहून मागवलेला ड्राइव्ह
आधी नुसताच खोकला.
सातव्या खेपेला त्याने वाचलं.

चौऱ्याण्णव साल. मिरकरवाडा.
बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आमचा क्लास,
खाली कॉम्प्रेसर सुरू झाला
की वर मॉनिटर थरथरायचा.
तिथे अय्युब पारकरने लिहिला होता
किरणांचा माग काढणारा प्रोग्राम.
"दिव्यापासून सुरुवात केलीस तर जन्म जाईल," म्हणायचा,
"बहुतेक किरण वायाच जातात, आपल्याकडे येत नाहीत.
डोळ्यातून निघायचं, गो,
आणि वाटेत आडवं येईल त्याला विचारायचं,
दिवा कुठे?"
हे तो दीपगृहाच्या पायथ्याशी उभा राहून सांगायचा,
आणि वर दिवा
सगळीकडे वाया जात फिरायचा.

एका चित्राला चार रात्री.
लाइट गेली की पुन्हा पहिल्या ओळीपासून.
बाकीचे सगळे चौकटीच्या फरशीवर
चकचकीत गोळे काढत होते.
याने काढला पाण्याचा पेला,
जांभ्याच्या खिडकीत,
तावदानापलीकडे समुद्र.

आता नव्या यंत्रात जुन्या यंत्राचं सोंग उभं केलं
आणि प्रोग्राम उठता उठताच मेला:
शून्याने भागाकार.
दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा समजलं.
तो जागा झाल्याबरोबर यंत्राला विचारतो,
एवढं मोजायला तुला किती वेळ लागतो?
आजचं यंत्र म्हणतं, काहीच नाही.
आणि त्या काहीच-नाहीने
तो बिचारा भागायला जातो.

मग वेग उतरवला.
भात उतू जाताना
चुलीतलं लाकूड मागे ओढावं, तसा.
तेहतीसवर तो शुद्धीवर आला.
आभाळ आलं, एकेक ओळ.
अकरापर्यंत नुसतं आभाळच.
प्रोग्रामची दुरुस्ती करून
हेच चित्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं असतं,
माझ्या भाच्याने तसं दोनदा सांगितलं,
मग तो झोपायला गेला.

मी फाइल वाचत बसले.
पाण्यासमोर आकडा, एक पूर्णांक चौतीस,
शेजारी रोमन अक्षरांत त्याचं मराठी:
पाणी खारं आहे, नळाचं नाही.
दर्याचं पाणी पेल्यात कोण भरून ठेवतं?

पहाटे पेला पुरा झाला.
त्याच्या पोटात काळे ठिपके राहिले.
बुरशी म्हणून घाबरले,
पण नाही. उड्यांची मर्यादा: पाच.
काच, पाणी, पुन्हा काच, हवा,
पाचवीला तावदान,
तिथे किरण थकतो
आणि काळोख घेऊन परत येतो.
त्या यंत्राला त्याहून जास्त झेपतच नव्हतं.
मी पाचापुढे शून्य टाकलं.

आता तावदानावरून किरण मागे वळले,
खोलीत, डोळ्याच्या पाठीमागे,
जिकडे बघायला त्याने कुणाला ठेवलंच नव्हतं.
तिथे एक निळा शंकू होता.
फाइलमध्येही आहे, शेऱ्याशिवाय,
तीन आकड्यांवर उभा.
छत्री? शेंगदाण्यांचा पुडा?
कुणाचा तरी परकर, दारात उभ्या राहिलेल्या?
माझ्याकडे तेव्हा निळं काय काय होतं
ते मी आठवून पाहिलं. पुष्कळ होतं.

सलालाहला फोन लावला. तो तिथे फ्रिज विकतो.
"शंकू?" तो हसला. "असेल काही तरी, कुंदा.
अजून चालतो का गो तो?
बरं, बर्फाची लादी आता कितीला पडते मिरकरवाड्यात?"
विचारून सांगते, म्हटलं.
कारखाना बंद झाल्याला सहा वर्षं झाली,
ते सांगायचं राहिलं.